मापाचा कोंडा

हेमलताचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा ती पडली नव्हती. ओट्याशी उभी राहून फळीवरची हळदीची बरणी काढत होती. आधी कट् असा आवाज आला, मग ती पडली. लोक म्हणतात, पडली म्हणून मोडलं. मी दारातच होतो. मोडलं म्हणून पडली.

"काय व्हयनं?" मी ओरडलो. म्हणजे काय झालं; घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो.

ती जमिनीवरून म्हणाली, "आधी बरणी बघा. फुटली का?"

बरणी शाबूत होती.

मी लीलाधर निकुंभ, राहणार पारोळा. वीज मंडळात लाईनमन होतो, आता निवृत्त. हेमलता माझी बायको, अंगणवाडी सेविका. एकच मुलगी, तेजल, लग्न होऊन नाशिकला. हे सगळं मी लिहितोय कारण जो तो मला विचारतो की चूक कोणाची, आणि दर वेळी मला पहिल्यापासून सांगावं लागतं.

पहिल्यापासून म्हणजे मुतखड्यापासून. आमच्या भागात ऊन असं की माणूस प्यालेलं पाणी घामातच घालवतो. मुतखडा घरोघरी आहे. हेमलताला तो पुन्हा पुन्हा व्हायचा. दुखायला लागलं की ती भिंतीला कपाळ लावून उभी राहायची. म्हणायची, "दोन बाळंतपणं परवडली, पण हे नको." मी म्हणायचो, "तुझं तर एकच झालंय." ती म्हणायची, "दुसरं हेच समजा."

तपासणीत निघालं की तिच्या लघवीत कॅल्शियम फार जातं. तेच साठून खडे होतात. तेव्हा नुकताच 'नितळ' नावाचा कोंडा निघाला होता.

कोंड्याची गोष्ट साधी आहे. गव्हाच्या, तांदळाच्या कोंड्यात फायटिक आम्ल असतं. ते आतड्यात अन्नातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं. धरलेलं कॅल्शियम रक्तात जात नाही, शौचावाटे निघून जातं. रक्तात कमी गेलं की लघवीत कमी उतरतं. डॉक्टरांना हे फार आधीपासून माहीत होतं. पण साध्या कोंड्याचा भरवसा नाही. आज जास्त पडला, उद्या कमी. पीठ आंबवलं की त्याची पकड सुटते. शिवाय कॅल्शियम कोंड्यानं पळवलं की पालकासारख्या भाजीतलं ऑक्झॅलेट मोकळं राहतं, आणि त्याचेही खडे होतात. नितळवाल्यांनी असा कोंडा तयार केला की तो दोन्ही धरायचा आणि तव्यावर भाजला तरी त्याची पकड जायची नाही.

त्याच्यासोबत यंत्र यायचं. संडासाच्या भांड्याच्या काठाखाली बोटाएवढी पट्टी चिकटवायची. ती लघवीतलं कॅल्शियम मोजायची. स्वयंपाकघरात एक पेटी. पट्टीचा आकडा बघून पेटी त्या दिवसाचा कोंडा मोजून वाटीत टाकायची. वर दिवा होता. हिरवा लागला की सगळं ठीक, पिवळा लागला की जरा जास्त, लाल लागला की डॉक्टरकडे जा.

पहिल्या सकाळी हेमलता संडासातून आली ती थेट पेटीसमोर जाऊन उभी राहिली. "आयुष्यभर कोणी विचारलं नाही, आणि आता माझ्या लघवीचा हिशेब ठेवायला नोकर आलाय," म्हणाली.

ती आपल्यापुरती वेगळी भाकरी थापायची, कोंडा घालून. मी मागितली तर हात मारायची. "तुमचं नाही ते. माझं औषध आहे."

खडे थांबले. हे मी मान्य करतो. दोन वर्षं तिनं भिंतीला कपाळ लावलं नाही. अंगणवाडीतल्या बायकांना ती सांगायची, "माझा आजही हिरवा." तिचं ऐकून गल्लीत किती पेट्या आल्या. तेजललाही मुतखडा व्हायला लागला होता, आईचा गुण. तिनंही नाशिकला नितळ घेतलं. मायलेकी सकाळी फोनवर आधी दिव्याचा रंग सांगायच्या, मग बाकीचं.

मग हेमलताची पाठ दुखायला लागली. एक दात हलायला लागला. ज्या फळीवर तिचा हात सहज जायचा तिथे टाचा उचलाव्या लागायला लागल्या. आम्ही हसायचो. वय झालं म्हणायचो. मधेच दिवा पिवळा व्हायचा, मग पेटी कोंडा वाढवायची, दोन दिवसांत पुन्हा हिरवा. वाटीत मावेना तेव्हा ती म्हणाली, "अहो, जरा मोठी वाटी आणा बाजारातून." मी आणली.

मग ते हाड मोडलं.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर तडवी मॅडम होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी हेमलताच्या हाडांचा फोटो आम्हा दोघांसमोर पडद्यावर लावला. मला फोटोतलं काही कळत नाही. पण मी आयुष्यभर लोखंडी पोलवर चढलो आहे. बाहेरून रंग असतो आणि बुडाशी आतून गंज खाऊन गेलेला असतो, असा पोल कसा दिसतो ते मला माहीत आहे. तसंच होतं.

"लघवीत कॅल्शियम जास्त जाण्याची कारणं वेगवेगळी," मॅडम म्हणाल्या. "काहींचं आतडं अन्नातून गरजेपेक्षा जास्त ओढून घेतं. अशांना कोंडा म्हणजे उत्तम उपाय. काहींचं आतडं ठीक असतं, मूत्रपिंड गळकं असतं. आलेलं कॅल्शियम त्याला धरून ठेवता येत नाही. अशा माणसाला कोंडा दिला तर काय होईल, सांगा?"

हेमलता पडल्या पडल्या म्हणाली, "वरून भरणं बंद, खालून गळणं चालू."

"बरोबर. पण रक्तातलं कॅल्शियम कमी होऊन चालत नाही. हृदय त्याच्यावर चालतं. मग शरीर ते हाडांतून काढतं. हाडं ही आपली टाकी. तुमची टाकी रोज थोडी थोडी उपसली गेली."

मी विचारलं, "पण दिवा हिरवा होता."

"दिवा लघवी बघतो. शरीर ओढाताण करून मूत्रपिंडाची गळती थोडी आवळतं, म्हणून आकडा उतरतो. हाडातलं जास्त सुटलं की आकडा चढतो. पेटीला वाटतं, हे अन्नातलंच आहे. ती कोंडा वाढवते. त्यानं हाडं आणखी उपसली जातात."

मीटर त्याच्यातून गेली तेवढीच वीज मोजतो. कोणी मीटरच्या अलीकडून तार टाकून घेतली तर मीटरवाल्याला वाटतं, गावात सगळं आलबेल आहे. हे मी नवीन पोरांना शिकवायचो. घरात लागलेल्या मीटरबद्दल माझ्या मनात आलं नाही.

मॅडमना एक कोडं होतं. यंत्र सुरू करतानाच माणूस या दोन्हींतल्या कुठल्या जातीचा आहे ते यंत्र तपासतं. पहिला आठवडा नेहमीसारखं खायचं. दुसरा आठवडा दूध, तीळ, नाचणी बंद. दुसऱ्या आठवड्यात आकडा खूप उतरला तर दोष आतड्याचा, कोंडा चालेल. उतरला नाही तर दोष मूत्रपिंडाचा, मग पेटी उघडतच नाही. हेमलताचा आकडा खूप उतरला होता.

"पहिल्या आठवड्यात काय खाल्लं होतं, आठवतं का?" मॅडमनी विचारलं.

"नेहमीचंच," मी म्हणालो.

हेमलता छताकडे बघत होती. "नेहमीचं कुठलं? कानबाई होती ना."

मॅडम जळगावकडच्या, त्यांना कानबाई माहीत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघर कानबाई बसते. तिचे रोट करतात. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, त्यांची पोळी, आत डाळीचं पुरण, सोबत दुधाची खीर. तो रोट भावकीबाहेर द्यायचा नाही आणि टाकायचा तर नाहीच. घरच्यांनीच खाऊन संपवायचा. त्या वर्षी सुरतेला असलेले माझे भाऊ, पुतणे सगळे येणार म्हणाले होते. हेमलतानं सगळ्यांच्या नावानं गहू मोजले, खिरीला पातेलंभर दूध घेतलं. ऐनवेळी सुरतेचं कोणी आलं नाही. मग आम्ही दोघं चार-पाच दिवस रोट आणि खीर, खीर आणि रोट. तोंडी लावायला पापड, भजी, मिठाची कमी नाही. मीठही लघवीतलं कॅल्शियम वाढवतं, हे नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात दूध बंद, सण संपलेला. आकडा धाडकन खाली आला. खाली येऊनसुद्धा तो निरोगी माणसापेक्षा जास्तच होता. पण यंत्राला फक्त किती उतरला तेवढंच बघायला शिकवलं होतं.

हेमलता म्हणाली, "देवीचा दोष नाही हं काढायचा. तिनं मला यंत्र घ्यायला सांगितलं नव्हतं."

मग माझ्याकडे बघून, "आणि सुरतेवाल्यांना यातलं काही कळवू नका. उगाच जिवाला लावून घेतील."

कंपनीचा माणूस दवाखान्यात भेटायला आला. नीटनेटका, फळं घेऊन. म्हणाला, "काका, माझी आई पण नितळवरच आहे. आमचं सॉफ्टवेअर नियमाप्रमाणेच चाललंय. नेहमीचा आहार घ्या, असं स्क्रीनवर स्पष्ट येतं."

"सणाला सणाचं खाणं हेच आमचं नेहमीचं आहे," मी म्हणालो.

"तसं नाही काका. आणि या वयात बायकांची हाडं तशीही..."

हेमलतानं पांघरूण बाजूला केलं. "तशीही काय? वाक्य पुरं कर, बाळा."

तो फळं ठेवून गेला.

मांडीत सळई घातली. पण सळईला धरायलाच हाड नव्हतं. पडून राहून छातीत कफ झाला, खोकताना बरगडी मोडली, बरगडीच्या दुखण्यानं तिला खोकता येईना, कफ आत राहिला. न्यूमोनिया. यापुढे मला लिहायचं नाही. ती गेली.

मी तेजलला फोनवर म्हणालो, "तू कोंडा बंद कर."

तेजलला पाचवा महिना होता. आईच्या दहाव्याला आली तेव्हा तिनं ओटीपोटावर हात ठेवून सगळे विधी पाहिले होते. "पप्पा, माझा कायम हिरवा असतो," ती म्हणाली.

"तुझ्या आईचाही होता."

"माझी सुरुवातीची तपासणी काही कानबाईत झाली नव्हती."

"दिवाळीत झाली असेल, कोणाच्या लग्नात झाली असेल. तुला आठवतंय का?"

तिला आठवत नव्हतं.

मी नाशिकला गेलो. जावई प्रणव चांगला मुलगा आहे, शांत. आम्ही तिघं तडवी मॅडमशी व्हिडिओवर बोललो. मॅडमनी खरं ते सांगितलं. गरोदरपणात सगळ्याच बायकांच्या लघवीत कॅल्शियम वाढतं, त्यामुळे तेजल आईसारखी आहे की नाही हे बाळंतपणाआधी खात्रीनं कळणार नाही. ती आईसारखी असेल आणि कोंडा चालू राहिला, तर बाळ स्वतःचं कॅल्शियम तिच्या हाडांतून घेईल. ती तशी नसेल आणि कोंडा बंद केला, तर खडा होऊ शकतो, आणि गरोदरपणात खडा अडकला तर कळा लवकर सुरू होऊ शकतात.

"मग काय करायचं?" प्रणवनं विचारलं.

"दोन्हीकडे धोका आहे. मी काहीही सांगितलं तरी तो अंदाजच."

फोन बंद झाल्यावर प्रणव मला म्हणाला, "पप्पा, कोंडा सुरू केल्यापासून तिला त्रास नाही. जे चाललंय ते चालू द्या ना."

"हेच वाक्य मी दोन वर्षं म्हणत होतो."

"आईंचं वेगळं होतं."

"कशावरून? त्या पेटीवरून?"

तेजल उठून आत गेली. आम्हाला वाटलं रडायला गेली. ती पेटीची वायर काढून हातात घेऊन आली आणि टेबलावर ठेवली. "आता दोघंही गप्प बसा," म्हणाली. "आईचा पाय मी पाहिलाय. मला तसं मरायचं नाही."

मला बरं वाटलं. तिची आई गेल्यापासून पहिल्यांदा.

आठव्याच्या सुरुवातीला तिला खडा झाला. मूत्रनळीत अडकला. प्रणवचा फोन आला तेव्हा मागे तिचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि तो नुसता फोन धरून होता. मी पोचेपर्यंत बाळ झालं होतं. मुलगी. काचेच्या पेटीत ठेवलेली, माझ्या पंज्याएवढी. तोंडाला नळी.

प्रणव बाकावर बसला होता. मी शेजारी बसलो. तो म्हणाला, "तुमच्या घरातलं दुःख तुम्ही आमच्याकडे घेऊन आलात, पप्पा."

मी उठून काचेपाशी जाऊन उभा राहिलो.

मुलगी जगली. हळूहळू वजन धरलं. तिला काचेतून बाहेर काढल्यावर तेजल तिला घेऊन पारोळ्याला आली. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि माहेर म्हणजे आता मी एकटा. शेजारच्या कापुरे वहिनींना विचारून मी डिंकाचे लाडू केले. पहिले दगडासारखे झाले. वहिनी म्हणाल्या, "लीलाधर भाऊजी, हे फेकून मारायचे की खायचे?" तेजल खूप दिवसांनी हसली. बाळाला तेल लावायला मी शिकलो. तेजल माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. दूध तापलं का. गरम पाणी आहे का.

बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा तडवी मॅडमनी तेजलला दवाखान्यात ठेवून घेतलं आणि सगळी तपासणी हातानं केली. यंत्रावर काही सोडलं नाही. प्रत्येक घास मोजून, प्रत्येक लघवी मोजून. हाडांचा फोटोही काढला.

मी बाहेर बसलो होतो. मॅडमनी आत बोलावलं. तेजल बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"हाडं उत्तम आहेत," मॅडम म्हणाल्या. "तेजलचा दोष आतड्याचा आहे. आईसारखा नाही. तिला कोंडा चालतो. खरं तर तिला कोंड्याचीच गरज आहे. बंद करायला नको होता, पण ते तेव्हा कोणालाच कळणं शक्य नव्हतं."

शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. त्यांचा हेतू चांगला होता. पण हेमलता गेली तेव्हाही त्या असंच म्हणाल्या होत्या. कोणालाच कळणं शक्य नव्हतं. यंत्रानं दोन आठवड्यांवरून माझ्या बायकोची जात ठरवली, आणि मी माझ्या बायकोवरून मुलीची ठरवली. यंत्राला निदान दोन आठवडे तरी लागले होते.

परतताना बसमध्ये तेजल खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी म्हणालो, "तेजू..."

"नको पप्पा," ती म्हणाली. "वायर मी काढली होती."

तिनं माझ्यावरचं ओझं असं काढून घेतलं, आणि मला त्याचा जास्त त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलेल्या मापानं मी साधा कोंडा आणला, गिरणीतून, यंत्राशिवाय. पालकासारख्या भाज्या त्यांनी बंदच केल्या होत्या. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठात घालून मळला. कोंड्याचं पीठ फाटतं, थापताना कडा तुटतात. पहिल्या दोन भाकऱ्या बिघडल्या. तिसरी तव्यावर फुगली. तेजलच्या ताटात वाढली, वर ठेचा, थोडं तेल.

तिनं पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग विचारलं, "आईची अशीच लागायची का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "आपण कधी चाखलीच नाही. ती सगळ्यांचं झाल्यावर बसायची."

तेजलनं ताट माझ्याकडे सरकवलं. मी एक तुकडा मोडून खाल्ला. मला वाटलं होतं भुशासारखी लागेल, घशात अडकेल. तशी नव्हती. चांगली खमंग लागत होती. याचा मला जेवढा राग आला तेवढा कंपनीच्या माणसाचाही आला नव्हता. मी उठलो आणि पुढची भाकरी थापायला घेतली.